लोहाच्या गोळीत बी-१२ कधी येणार?

सोलापूरहून विजयपूरकडे निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर मंद्रूप लागतं. इथल्या घरांत लहान बाळ असेल तर सकाळचा पहिला मान त्याच्या तेलपाण्याचा. आज्जी पाय पसरून बसते, बाळाला पायांवर घेते आणि पाठ, मांड्या, पोटऱ्या चोळत चोळत तळपायाशी येते. चार-पाच महिन्यांच्या बाळाच्या तळव्यावरून तिचा अंगठा टाचेकडून बोटांकडे जरा जोरात फिरला, की बाळाच्या पायाचा अंगठा वर उठतो आणि बाकीची बोटं फाकतात. घरातले हसतात. बाळाला गुदगुल्या झाल्या असं सगळ्यांना वाटतं.

फ्रान्समधल्या जोसेफ बाबिन्स्की या डॉक्टरांनी १८९६ मध्ये या हालचालीकडे वैद्यकाचं लक्ष वेधलं. मोठ्या माणसाच्या पायाचा अंगठा असा वर उठला, तर मेंदूकडून मेरुरज्जूत उतरणाऱ्या मार्गाला इजा झाल्याची ती खूण असते. बाळात मात्र ती अगदी नैसर्गिक, कारण तो मार्ग अजून पुरता तयारच झालेला नसतो. वर्ष-दोन वर्षांनी तळव्यावर तशीच रेघ ओढली तर बोटं खाली वळतात. मधल्या काळात बाळ बसायला शिकलेलं असतं, रांगलेलं असतं, भिंत धरून चाललेलं असतं. आणि त्याच्या डोक्यात एक फार मोठं काम पार पडत आलेलं असतं: मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढण्याचं.

या कामाला माल लागतो. तो आधी आईच्या रक्तातून, मग तिच्या दुधातून आणि पुढे बाळाच्या ताटातून येतो. लोह, आयोडीन, स्निग्ध पदार्थ आणि बी-१२ हे जीवनसत्त्व, यांतलं काहीही कमी पडलं तर काम रेंगाळतं. लोहासाठी सरकारी गोळी आहे, आयोडीनसाठी मीठ आहे. बी-१२ मात्र त्या गोळीत अजून आलेलं नाही. महाराष्ट्राच्याच खेड्यांत, पुण्याच्या डॉक्टरांनी केलेलं संशोधन समोर असताना आलेलं नाही. ही उणीव लहान दिसते, पण तिची किंमत मोठी आहे आणि ती भरून काढणं सरकारच्या आवाक्यात आहे.

आधी मायलिन म्हणजे काय ते नीट पाहू. चेतापेशीपासून निघणारा तंतू विजेच्या बारीक लहरीने निरोप पोचवतो. उघड्या, बारीक तंतूतून हा निरोप सेकंदाला अर्धा ते दोन मीटर वेगाने सरकतो. मायलिनने वेढलेल्या जाड तंतूतून तोच निरोप सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने जाऊ शकतो. मायलिन सलग नसतं. मध्ये मध्ये अगदी बारीक मोकळ्या जागा सुटलेल्या असतात आणि निरोप एका मोकळ्या जागेवरून पुढच्या मोकळ्या जागेवर झेप घेत जातो. या जागा फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रँव्हिए यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवल्या. निरोप तिथून उड्या घेत जातो हे जपानचे इचिजी तासाकी यांनी १९३९च्या सुमारास प्रयोगांनी दाखवलं.

मेंदूत हे वेष्टण घालणाऱ्या पेशींना ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणतात. स्पेनच्या पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी १९२१ मध्ये त्यांना वेगळं ओळखलं. या पेशी मेंदूत जन्मतात, सरकत सरकत आपल्या जागी पोचतात आणि भोवतीच्या तंतूंना हात लावून पाहतात. खरोखरच पाहतात, कुठला तंतू निवडायचा, कुठला सोडायचा याची चाचपणी चालते. निवड झाली की पेशीचा एक पदर तंतूभोवती फिरू लागतो. फेटा बांधताना नवा वेढा वरून बसतो. मायलिनचं उलट आहे. त्याचा नवा वेढा आतून, तंतूला चिकटून, आधीच्या वेढ्यांच्या खालून सरकतो. असे कित्येक वेढे बसतात, मग त्यांच्यातला द्रव पिळून निघतो आणि पदर एकमेकांना घट्ट चिकटतात. हे चिकटवण्याचं काम एक खास प्रथिन करतं, आणि ते पेशीच्या मध्यभागी तयार होऊन येत नाही. त्याचा निरोप-रेणू, म्हणजे ते बनवण्याची कृती, पदराच्या टोकापर्यंत नेला जातो आणि प्रथिन तिथेच, हवं त्या जागी बनतं. एकच ऑलिगोडेंड्रोसाइट चाळीस-पन्नास ठिकाणी असं वेष्टण घालू शकते.

मायलिनच्या कोरड्या वजनात ७० ते ८५ टक्के स्निग्ध पदार्थ असतात. त्यातलं कोलेस्टेरॉल मेंदूला रक्तातून घेता येत नाही, ते त्याला स्वतःच बनवावं लागतं. एवढ्या लहान पेशीने स्वतःच्या आकाराच्या कितीतरी पट पडदा विणायचा, म्हणजे तिची भट्टी दिवसरात्र पेटलेली. म्हणूनच मेंदूतल्या सगळ्या पेशींत सर्वाधिक लोह या पेशींत सापडतं. ऊर्जा तयार करायला आणि स्निग्ध पदार्थ बनवायला त्यांना ते लागतं.

काम कुठून सुरू होतं, कुठे संपतं याचा पहिला नकाशा जर्मनीत लाइपझिगच्या पाउल फ्लेक्सिग यांनी काढला. १८७०च्या दशकापासून ते गर्भांचे आणि नवजात बालकांचे मेंदू तपासत होते. त्यांच्या लक्षात आलं की मायलिन सगळीकडे एकदम चढत नाही, त्याला ठराविक क्रम आहे. गर्भारपणाच्या मध्यावर मेरुरज्जूत सुरुवात होते. मग मेंदूचा बुंधा, म्हणजे श्वास, गिळणं, चोखणं सांभाळणारा भाग. ऐकण्याचे खालचे मार्ग जन्माच्या आसपास बरेच तयार असतात. पाहण्याचे मार्ग पहिल्या काही महिन्यांत होतात, हातापायांच्या हालचालींचे दोन वर्षांच्या आसपास पुरे होतात. कपाळामागचा भाग, जिथे विचार करून थांबणं, तोलूनमापून निर्णय घेणं चालतं, तो सगळ्यांत शेवटी. त्याचं काम विशी ओलांडली तरी सुरू असतं. पण वेग सर्वांत जास्त असतो तो पहिल्या दोन वर्षांत. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदूचं वजन प्रौढाच्या मेंदूच्या तीन चतुर्थांशांच्या आसपास पोचलेलं असतं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा प्रश्न इथेच उभा राहतो. गर्भारपणाच्या साधारण २३ ते ३२ आठवड्यांत मायलिन घालणाऱ्या पेशी अर्धवट वाढलेल्या असतात आणि प्राणवायूची कमतरता किंवा जंतुसंसर्ग त्यांना अजिबात सोसत नाही. त्या मेल्या की पुढे चालण्यात, हात वापरण्यात आयुष्यभराची अडचण राहू शकते. असं बाळ जिल्ह्याच्या नवजात अतिदक्षता विभागात वेळेवर पोचलं पाहिजे, हे सांगायला वेगळा लेख नको.

मायलिन नुसत्या खाण्यावर चढत नाही, वापरावरही चढतं. ज्या तंतूंतून निरोप जास्त जातात त्यांची निवड जास्त होते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. उंदरांना लहानपणी एकटं कोंडलं तर त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातलं मायलिन पातळ राहतं, हे अमेरिकेतल्या मानाबु माकिनोदान आणि गॅब्रिएल कॉर्फास यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं. इंग्लंडमधल्या एका गटाने लहान मुलांच्या अंगावर दिवसभर ध्वनिमुद्रण करणारं छोटं यंत्र ठेवलं आणि नंतर झोपेत त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात अडीच वर्षांच्या ज्या मुलांच्या कानावर मोठ्यांचं बोलणं जास्त पडत होतं, त्यांच्या भाषेच्या मार्गांवर मायलिन जास्त दिसलं. सहा महिन्यांच्या बाळांत मात्र नातं उलटं निघालं. तेव्हा हे सरळ गणित नाही, हेही ध्यानात ठेवावं. तरी मंद्रूपच्या बाळाचं इथे भाग्य मोठं. एका ओसरीवर त्याला 'हिकडं ये' म्हणतात, पलीकडच्या ओसरीवर 'इल्ली बा'. मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर घेत ते मोठं होतं. बोलणाऱ्या माणसांची त्याला कमी नाही. आता त्याच्या हातात गप्प बसण्यासाठी मोबाईल दिला नाही म्हणजे झालं.

कमी आहे ती मालाची.

लोहापासून पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयाच्या बायकांत तो ५४.२ टक्के. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्याच कमतरतेचा नसतो, पण मोठा वाटा तिचाच. रक्त कमी म्हणजे थकवा, धाप, फिकटपणा एवढंच आपण समजतो. चिलीची राजधानी सँटियागो इथे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांच्या कानाशी टिकटिक वाजवून तो निरोप मेंदूच्या बुंध्यातून किती वेळात जातो हे मोजलं गेलं. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या बाळांत त्याला जास्त वेळ लागत होता. त्यांना लोह दिलं, रक्त सुधारलं. पण ती साधारण चार वर्षांची झाल्यावर पुन्हा मोजलं तेव्हाही फरक उरलाच होता. मायलिन चढण्याची वेळ निघून गेली की रक्त भरून निघतं, मेंदूतली उणीव तितक्या सहज भरत नाही.

लोहाचा पहिला साठा बाळाला नाळेतून मिळतो. जन्मानंतर नाळ लगेच कापली तर वारेतलं बरंच रक्त तिथेच राहतं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या ज्युडिथ मर्सर यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं, की पाच मिनिटं थांबून नाळ बांधलेल्या बाळांत चार महिन्यांनी लोहाचा साठा जास्त होता आणि हालचाल, दृष्टी व संवेदना सांभाळणाऱ्या भागांत मायलिनही जास्त होतं. दुसऱ्या गटात नाळ वीस सेकंदांच्या आत बांधली होती. जागतिक आरोग्य संघटना निदान एक मिनिट तरी थांबायला सांगते. या थांबण्याला एक पैसा लागत नाही. प्रसूतीला जाणाऱ्या बाईने आणि सोबतच्या आई-सासूने हे आधीच विचारून ठेवावं.

आता घरातलं जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं, डाळ, मेथी-पालक, कधी वांगं. कष्टाच्या माणसाला जोम देणारं हे जेवण. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ज्वारीत, डाळीत, शेंगांत, पालेभाजीत बी-१२ नसतं. ते वनस्पती बनवतच नाहीत, जिवाणू बनवतात आणि ते आपल्यापर्यंत दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून येतं. दक्षिण सोलापूरच्या पट्ट्यात लिंगायत, जैन, माळकरी अशी कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्यांच्यासाठी मार्ग उरतो दुधाचा. गाईच्या पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळतं. म्हणजे गर्भार बाईने रोज अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्याचं दही-ताक घेतलं तर भागेल. प्रत्यक्षात गोठ्यात म्हैस असली तरी सकाळचं दूध आधी डेअरीला जातं, कारण त्याच्या पैशावर पेंड, औषधं आणि मुलांची फी भागते. घरात उरलेलं दूध चहाला. सुनेच्या वाट्याला दुधाचा पेला येईपर्यंत सगळ्यांचं झालेलं असतं. आणि वर्षाच्या बाळाला बशीत चहा ओतून त्यात बिस्किट बुडवून भरवणारी घरं आजही कमी नाहीत. बिस्किटाने पोट भरतं आणि चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. मायेने भरवलेल्या त्या बशीतून बाळाला दोन्हीकडून तोटा होतो.

बी-१२ फारच कमी पडलं तर काय होतं, हे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना साठहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. बाळ सहा महिन्यांपर्यंत ठीक वाढतं. अंगावर दूध पितं, गुटगुटीतही दिसतं. मग हळूहळू हसणं थांबतं. बसत होतं ते बसेनासं होतं, हाक मारली तर वळून पाहत नाही. केस विरळ आणि भुरे होतात, बोटांच्या पेरांवर काळेपणा येतो. काही बाळांचे हात आणि डोकं थरथरू लागतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. एम. जाधव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अशा बाळांचं वर्णन छापलं आणि कारणही सांगितलं: आईच्या शरीरात बी-१२ नाही, म्हणून तिच्या दुधात नाही, म्हणून बाळात नाही. आज अशा बाळांच्या मेंदूचं एमआरआय केलं तर मायलिन मागे पडलेलं आणि मेंदू आक्रसलेला दिसतो. बी-१२चं इंजेक्शन दिलं की काही दिवसांत बाळ पुन्हा हसू लागतं. मात्र उशीर झाला असेल तर बुद्धीची आणि बोलण्याची कसर राहून जाऊ शकते.

हे टोकाचं झालं. खरा विचार करायला लावणारी गोष्ट टोकाच्या अलीकडची आहे, आणि ती पुण्याहून येते. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आहेत. गर्भारपणातल्या रक्ताचे नमुने तपासले तेव्हा दोन तृतीयांश मातांत बी-१२ कमी निघालं. फोलेट, म्हणजे गोळीत फॉलिक ॲसिड म्हणून मिळणारं जीवनसत्त्व, कमी असलेल्या आया किती निघाल्या? एक. अख्ख्या गटात एकच. याच मातांची मुलं नऊ वर्षांची झाली तेव्हा, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या आयांचं बी-१२ सर्वांत कमी होतं आणि ज्यांचं सर्वांत जास्त होतं अशा मुलांची तुलना झाली. पहिल्या गटातली मुलं लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलट्या क्रमाने लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडली. ही मुलं आजारी नव्हती. शाळेत जाणारी, खेळणारी, चारचौघांसारखी मुलं होती. एखाद्या गुरुजींनी त्यांना 'लक्ष नाही' म्हणून दटावलंही असेल.

त्यापुढचं पाऊल म्हणजे 'प्रिया' नावाची चाचणी. याच गावांतल्या त्या मुली आता स्वतः आई व्हायच्या वयाच्या झाल्या होत्या. २०१२ पासून त्यांच्यापैकी काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं गेलं, लग्नाच्या आणि गर्भारपणाच्या आधीपासून. त्यांची बाळं दोन वर्षांची झाल्यावर तपासली तर नुसतं बी-१२ घेतलेल्या मातांची मुलं समज आणि भाषा या दोन्हींत पुढे होती. हा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीतल्या बाळांची संख्या लहान होती, बी-१२सोबत इतर सूक्ष्म पोषकं दिलेल्या गटात तसा ठळक फरक दिसला नाही, आणि या मुलांच्या मेंदूतलं मायलिन कुणी मोजलेलं नव्हतं. एवढं स्पष्ट सांगितलंच पाहिजे. पण बी-१२ नसलं की मायलिन बनवण्याचे रासायनिक टप्पे अडतात आणि भलतीच स्निग्ध आम्लं त्यात शिरतात, हे जुनं, पक्कं ज्ञान आहे. वेल्लोरची बाळं, पुण्याची नऊ वर्षांची मुलं आणि दोन वर्षांची नातवंडं एकाच दिशेला बोट दाखवतात.

आता मंद्रूपच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उपकेंद्रात गर्भार बाईला मिळणारी गोळी हातात घेऊन पाहावी. 'ॲनिमिया मुक्त भारत' या २०१८च्या कार्यक्रमानुसार तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गर्भारपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची. सहा महिन्यांवरच्या बाळाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर औषध. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. दोन्हींत बी-१२चा पत्ता नाही. पुण्याच्या गावांत जे एका आईत कमी होतं ते गोळीत आहे, जे दोन तृतीयांश मातांत कमी होतं ते नाही.

फॉलिक ॲसिड काढा असं कुणी म्हणू नये. गर्भाच्या पाठीचा कणा आणि डोकं नीट जुळण्यासाठी ते लागतंच. पण एकट्या फॉलिक ॲसिडचा एक धोका डॉक्टरांना चांगला माहीत आहे. बी-१२ नसताना फॉलिक ॲसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारतं, अहवाल चांगला येतो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. हिमोग्लोबिन वाढलं म्हणून सगळे निर्धास्त होतात. दोन्ही एकत्र दिली तर हा धोका टळतो.

गोळीत बी-१२ घाला म्हटलं की ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर, रेशनच्या पोषणयुक्त तांदळात बी-१२ घातलेलं असतं. खरं आहे. नियमानुसार एका किलोत ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. म्हणजे 'प्रिया' चाचणीतले दोन मायक्रोग्रॅम मिळवायला बाईने रोज दीड किलोहून अधिक तांदूळ खाल्ला पाहिजे. ज्वारीच्या मुलखात तर भात हे दुसरं अन्न. दुसरं उत्तर, जास्त झालं तर? बी-१२ पाण्यात विरघळतं, आणि अमेरिकेच्या ज्या संस्थेने पोषकांच्या मर्यादा ठरवल्या तिने १९९८ मध्ये बी-१२साठी वरची मर्यादा ठेवण्याचं कारणच दिसलं नाही असं नोंदवलं. तिसरी शंका शाकाहारी घरांतून येते, हे मांसापासून तर काढत नाहीत ना? नाही. औषधातलं बी-१२ कारखान्यात जिवाणूंकडून बनवून घेतात. लिंगायत किंवा जैन घरातल्या कुणालाही गोळीतलं बी-१२ घ्यायला अडचण पडू नये.

शाळेत अंडं देण्याचा वाद महाराष्ट्रात चांगलाच रंगला. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलं, जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही असं सांगण्यात आलं. मुलांना अंडं मिळावंच. पण शाळेत येणारं मूल सहा वर्षांचं असतं, आणि मायलिनचा सर्वांत वेगाचा काळ तेव्हा चार वर्षं मागे पडलेला असतो. गर्भार आणि स्तनदा मातांना गरम जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ मध्ये सुरू केली ती आदिवासी भागांसाठी. तिथे ती हवीच होती. दक्षिण सोलापूरसारख्या तालुक्यातल्या बाईला मात्र घरी न्यायचं पाकीटच मिळतं. वाद शाळेच्या ताटावर झडत राहिला आणि पोटातल्या बाळाचं ताट चर्चेत आलंच नाही.

यंत्रणा नव्याने उभारायची गरज नाही. आशाताई बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. मग तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांनी. मायलिन चढण्याच्या नेमक्या काळात त्या दारात उभ्या असतात. त्यांच्या पिशवीत गोळी आहेच, बाटली आहेच. त्यांच्या हातातल्या माता व बाल संरक्षण कार्डावर बाळ कधी हसतं, कधी मान धरतं, कधी बसतं याची चित्रं आहेत. बसणारं बाळ बसेनासं झालं, हसणारं हसेनासं झालं तर 'बघू, येईल हळूहळू' म्हणून थांबू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यावं, एवढं त्यांच्या प्रशिक्षणात ठसवायला हवं. आणि त्यांच्या पिशवीतल्या गोळीत बी-१२ हवं.

राज्याच्या आरोग्य विभागाने केंद्राच्या निर्णयाची वाट पाहत बसू नये. पुण्याचं संशोधन महाराष्ट्राचं आहे, मातांचं आहे, आणि महाराष्ट्राने आधी पाऊल टाकलं तर इतर राज्यांना वाट दिसेल. एका जिल्ह्यापासून सुरुवात करता येईल. तो सोलापूर असायला काय हरकत आहे? शाकाहारी घरं भरपूर, दूध संकलन भरपूर, ज्वारीचं जेवण. दोन वर्षांनी बाळांची समज आणि भाषा मोजावी, निकाल लोकांपुढे ठेवावा. गोळी बदलायला काही महिने लागतील, तोवर ग्रामीण रुग्णालयांतून शाकाहारी गर्भार बायकांना वेगळी बी-१२ची गोळी देता येईल. ती बाजारात मिळते आणि महाग नाही.

निर्णय होईपर्यंत घरात करण्यासारखंही काही आहे. सून गर्भार असेल तर डेअरीला दूध घालण्याआधी तिचा अर्धा लिटर बाजूला काढून ठेवावा. पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना बी-१२बद्दल विचारावं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, मध्ये निदान तासाभराचं अंतर ठेवावं. आणि वर्षाच्या बाळापुढची चहाची बशी आजपासून बंद करावी.